नऊ रिंगांचं अंतर

१

ऑफिसात तिला सगळे निस्तरबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसे तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. दुसऱ्यांनी घातलेला घोळ निस्तरायचा याचाच तर तिला पगार होता.

त्या ऑफिसात म्हाताऱ्या माणसांच्या घरांसाठी सामान आखलं जाई. आधाराचे दांडे, उंबऱ्यावरचे उतार, आंघोळीला बसायच्या बैठका, जिन्यावरून वर नेणाऱ्या खुर्च्या. आधी घरी जाऊन मापं घ्यायची, मग कॉम्प्युटरवर ते घर जसंच्या तसं उभं करायचं. बेसिनची एक फाइल, नळाची एक, दाराची एक, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारी एक मोठी फाइल. तिला असेंब्ली म्हणतात. गंमत अशी की असेंब्लीच्या पोटात स्वतःचं काहीच नसतं. तिच्याकडे असतात नुसते पत्ते. उघडली की ती एकेका पत्त्यावर जाते आणि तिथली वस्तू आणून आपल्या जागी मांडते.

त्या घरात एक माणूसही ठेवावा लागे. राखाडी रंगाचा, बिनचेहऱ्याचा, सांधे वाकणारा पुतळा. घरातल्या आजोबांची किंवा आजींची उंची, हाताची लांबी, गुडघा किती वाकतो ते सगळं त्याला द्यायचं आणि मग त्याला उभं करून, बसवून बघायचं, की हात दांड्यापर्यंत पोचतो का.

घोळ होता तो इथे. पंधरा वर्षांपूर्वी साहेबांनी पहिलं काम केलं तेव्हा या फाइलला नाव दिलं ‘माणूस’. तेव्हापासून प्रत्येक कामात तिचं नाव ‘माणूस’च. शेकडो फोल्डर, शेकडो म्हातारी माणसं, आणि नाव सगळ्यांचं एक. बदला म्हटलं की साहेब म्हणत, “इतकी वर्षं काही अडलंय का?” अडायचं ते निस्तरबाईचं. कारण त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. एखाद्या नावाची फाइल आधीच उघडी असली, की ते त्याच नावाची दुसरी आणायला पत्त्यावर जातच नसे. हाताशी आहे तीच घेई. कधी विचारून घेई, कधी मुकाट्याने. मग दोन कामं एकदम उघडली की एका घरच्या ठेंगण्या आजी दुसऱ्याच घरच्या सहा फुटी आजोबांच्या बाथरूममध्ये जाऊन बसत, आणि त्यांचे पाय लोंबकळत राहत.

“माणसं बदलली!” कुठून तरी हाक येई, आणि निस्तरबाई हातातलं काम टाकून उठे.

सकाळी अकरा वाजता मात्र ती कुणाच्या हाकेला ओ देत नसे. अकरा वाजता ती घरी फोन करी.

घरी बाबा असत. आयुष्यभर लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर काम केलेले बाबा. उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाचं शेवटचं पेर त्यांनी तरुणपणीच त्या लेथला देऊन टाकलं होतं. आता डावा गुडघाही संपावर गेला होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या घरी ते पडले, तेव्हा तिने त्यांचं काही एक न ऐकता त्यांना आपल्याकडे आणलं, आणि आपल्याच घराची मापं घेऊन आपल्याच घराचं काम आखलं. राखाडी पुतळा पडद्यावर उभा राहिला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून बघितलं.

“हा मी होय? मग याचं बोट शाबूत कसं?”

तिने हसत हसत पुतळ्याचं एक पेर कापलं, गुडघाही आखडून टाकला. “आता?”

“आता जमला,” बाबा म्हणाले.

फोन बाहेरच्या खोलीत होता आणि बाबांची खुर्ची आतल्या. मोबाइल खिशात ठेवा म्हटलं तर म्हणाले, “मग मी उठून चालू कशाला?” म्हणून रोज अकराला ती रिंगा मोजत बसे. काठीची टक, डाव्या चपलेची सर्र, असं करत बाबा यायचे आणि बरोबर नवव्या रिंगेला फोन उचलायचे. “तुझा फोन म्हणजे माझी परेड,” हे त्यांचं पहिलं वाक्य. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक दांड्यावर ते आपल्या त्या अर्ध्या बोटाने ठोकून बघत. टुक, टुक. जुन्या कारागिराची सवय. काम पक्कं आहे का, ते त्यांना आवाजावरून कळे.

आभार मानणं त्यांच्या बोलीत नव्हतं. तिने चुकून कधी “थँक्यू बाबा” म्हटलं, तर ते खेकसत, “घरच्या घरात कसले आभार!”

२

बुधवारी साहेब तिच्या टेबलापाशी आले. एका नव्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा होता.

“तुमच्या स्वतःच्या घराचं काम आहे ना? तेच दाखवू. माणूस आपल्या बापासाठी करतो ते वाईट करणार नाही.”

पावणेअकराला तिने ते काम उघडलं. मशीन नुकतंच सुरू केलं होतं, दुसरं काहीही उघडं नव्हतं. भिंती आल्या, दारं आली, बाथरूमची फरशी आली, आणि मधोमध तो ओळखीचा निरोप आला. ‘माणूस’ नावाची वेगळी फाइल आधीच उघडी आहे. उघडी आहे तीच वापरायची, की मूळ जागेवरची आणायची?

ती जरा हसलीच. दिवसातून दहा वेळा दुसऱ्यांच्या मशीनवर बघितलेला निरोप. पण मग तिने खालच्या ओळी वाचल्या. उघड्या फाइलचा पत्ता तिच्याच घराच्या फोल्डरचा होता. मूळ फाइलचा पत्ताही तिच्याच घराच्या फोल्डरचा होता. दोन्ही पत्ते अक्षरन्‌अक्षर एक.

एका पत्त्यावर एकाच नावाच्या दोन फाइली राहूच शकत नाहीत. हे तिला आपलं नाव माहीत असावं तसं माहीत होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण तेवढ्यात अकरा वाजले. तिने निरोप तसाच पडद्यावर ठेवला आणि फोन लावला.

एक, दोन, तीन. आठ, नऊ.

दहा.

बाबांना कधी दहावी रिंग लागली नव्हती. बारा झाल्या, पंधरा झाल्या. विसाव्या रिंगेनंतर फोन आपोआप कटला. बाथरूममध्ये असतील, तिने स्वतःला समजावलं, आणि पुन्हा लावला. पुन्हा वीस रिंगा. तिने एका हाताने पर्स ओढली, खांद्याला फोन धरून तिसऱ्यांदा नंबर लावला आणि दुसऱ्या हाताने मशीन बंद करायला गेली. पण त्या निरोपाला उत्तर दिल्याशिवाय काही बंदच होईना. तिने न बघता हाताला येईल ते बटण दाबलं. उघडी आहे तीच वापर.

कानात पहिली रिंग वाजत होती. ती पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“बोल गं,” बाबा म्हणाले.

“बाबा! कुठे होतात तुम्ही?”

“कुठे म्हणजे? इथेच तर आहे.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. परेडबद्दल ते काही म्हणाले नाहीत, हे तिला फोन ठेवल्यावर आठवलं. तरी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मशीन तसंच चालू ठेवून ती घरी निघाली.

३

तिने बेल दाबली आणि हात खाली घ्यायच्या आत दार उघडलं. काठीचा आवाज आला नव्हता. चपलेचा आला नव्हता.

“लवकर आलीस,” बाबा म्हणाले. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता.

“काठी कुठे?”

“असेल तिकडे. आज पाय मोकळा वाटतोय.”

ते आत चालत गेले. तिने त्यांच्या पाठीकडे बघितलं. दोन्ही पाय सारखे पडत होते. तिला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं, यात काही खोटं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई महिनाभर सांगतच होत्या, की एक दिवस गुडघा अचानक सुटेल. तो दिवस आज उजाडला असेल. चांगलं झालं की लोक देवाचे आभार मानतात, ही बया शंका काढत बसली आहे, असं तिने स्वतःलाच सुनावलं.

मग ती हात धुवायला बाथरूममध्ये गेली.

फरशी ओली होती. स्टूल आडवं पडलं होतं. काठी बेसिनखाली होती. आणि काठीजवळ बाबांची एक चप्पल होती, डावी, फरफटून बाहेरची कड झिजलेली. फरशीवरच्या पाण्यातून एक लांब कोरडा पट्टा गेला होता. काहीतरी मोठं तिथे बराच वेळ पडून असावं आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी गेलं असावं, असा.

“स्टूल पडलं वाटतं?” तिने बाहेर ओरडून विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले. अगदी दाराबाहेरून. ते तिथे येऊन कधी उभे राहिले, ते तिला कळलं नव्हतं.

तिने फरशी पुसली, स्टूल उभं केलं, चप्पल बाहेर आणून ठेवली. जोडीची दुसरी चप्पल बाबांच्या पायात नव्हती. ती घरात कुठेच नव्हती.

४

गुरुवारी ती घरीच राहिली. व्यायामवाल्या बाई आल्या, त्यांनी बाबांचा पाय वाकवला आणि त्या बघतच राहिल्या.

“अहो आजोबा, काय जादू केलीत? पंचविशीतल्या पोरासारखा वाकतोय!”

“हिने आणलं मला इथे,” बाबा म्हणाले. “ही आहे म्हणून.”

निस्तरबाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली ती जवळजवळ पळतच. आपल्याबद्दल असं काही बाबांच्या तोंडून ऐकायची तिच्या कानांना सवय नव्हती. दोन महिन्यांपूर्वी इथे आणलं तेव्हा त्यांनी फक्त “गादी फार मऊ आहे” एवढाच अभिप्राय दिला होता.

दुपारी ती भांडी लावत होती आणि बाबा आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत चालले होते. दांड्यांवर ठोकत, नेहमीसारखे. तिने भांडं हातातच धरलं.

टक. टक. टक.

अर्ध्या बोटाचा आवाज असा नसतो. अर्धं बोट म्हणजे नुसती गादी, ते टुक करतं. टक करायला नख लागतं.

ती बाहेर आली नाही. भांडी लावून झाली, ओटा पुसून झाला, पुसलेला ओटा पुन्हा पुसून झाला. मनातल्या मनात ती हिशेबाला बसली. दांड्याला आतून हवा धरली असेल. बाबांनी दुसऱ्या बोटाने ठोकलं असेल. हो, दुसऱ्या बोटाने. माणसाला एका हाताला पाच बोटं असतात, बाबांना साडेचार असली म्हणून काय झालं.

संध्याकाळी बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले. पान उलटताना त्यांचा उजवा हात वर आला आणि उजेडासमोर क्षणभर थांबला. पहिलं बोट मधल्या बोटाच्या शेजारी होतं, जेमतेम नखाएवढं आखूड. सगळ्यांचं असतं तेवढंच.

बाबांनी पेपरावरून तिच्याकडे बघितलं. हात सावकाश पेपराआड गेला.

“दिवा लाव,” ते हळूच म्हणाले. “डोळे दुखतील तुझे.”

५

शुक्रवारी ती ऑफिसात आली तर फळ्यावर सूचना होती. शनिवारी वायरिंगचं काम, आज जाताना सगळ्यांनी मशीन बंद करावं, मेन स्विच काढला जाईल.

तिचं मशीन बुधवारपासून चालूच होतं. पडद्यावर तिचं घर होतं, आणि बाहेरच्या खोलीत फोनशेजारी राखाडी माणूस उभा होता. पुतळ्याला तिथे तिने उभं केलं नव्हतं. तिने त्याचा उजवा हात मोठा करून बघितला. बोट पुरं होतं.

शेजारच्या टेबलावर प्रोफेसर बसायचा. कुणी विचारो न विचारो, तो समजावून सांगायचा, म्हणून त्याचं नाव प्रोफेसर. आज तिने आपणहून विचारलं, तेव्हा तो इतका खूश झाला की खुर्चीसकट सरकत आला.

“सोपं आहे गं. ही तुझी जुनी प्रत आहे, बोट कापायच्या आधीची. फक्त मेमरीत उघडी राहिलीय. डिस्कवर हिचं काहीच नाही. मशीन बंद केलंस की ही गेली. मूळची आहे ना तुझ्या फोल्डरमध्ये? मग झालं तर. थांब, मीच ती मेमरीतून काढतो.”

“नको, राहू दे,” ती म्हणाली. पण अकरा वाजले होते आणि तिने फोन कानाला लावला होता, आणि उंटावरचा शहाणा माऊस हातात घेऊन बसलाही होता.

पहिल्याच रिंगेला बाबा बोलले. “बोल गं. काही नाही, खिडक्या पुस–”

आवाज थांबला. फोन कटला नव्हता. लांबवर रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या, घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. फक्त बाबा नव्हते. त्यांचा श्वासही नव्हता.

“बाबा? बाबा!”

“हँग झालं,” प्रोफेसर तिच्या पडद्याकडे बघत पुटपुटला. पडदा पांढुरका पडला होता. “बंदही होईना. तू अशी पांढरी का पडलीस? एक मिनिट, रद्द करतो.”

पडद्यावर रंग परत आले.

“–त होतो,” बाबा म्हणाले. “जाळी लागली होती.”

तिने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही. तिने फोन ठेवला आणि प्रोफेसरच्या हातातून माऊस काढून घेतला. प्रोफेसरला वाईट वाटलं असावं. “हे बघ, तुझ्या मशीनला हातच लावत नाही,” तो म्हणाला. “मूळ फाइल माझ्या मशीनवर उघडून दाखवतो. म्हणजे तुझी खात्री पटेल की काही हरवलेलं नाही.”

त्याच्या पडद्यावर तिचं घर उभं राहू लागलं. भिंती, दारं, बाथरूमची फरशी, बेसिन. मग माणूस आला.

तो फरशीवर होता. पोटावर, बेसिन आणि दाराच्या मध्ये. डावा गुडघा जेवढा आखडलेला तिने केला होता, तेवढाच. उजवा हात वर, दांड्याकडे ताणलेला. पहिलं बोट एका पेराने कमी. डोकं भिंतीकडे वळलेलं होतं, आणि त्याला चेहरा नव्हता याबद्दल तिने त्या क्षणी कुणाचे तरी आभार मानले.

“हा असा आडवा का टाकलास?” प्रोफेसरने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “सांधे सुटले असतील. घसरला.”

“सरक जरा,” ती म्हणाली.

तिने माऊसने पुतळ्याला उचलायचा प्रयत्न केला. तो वीतभर उचलला गेला आणि माऊस सोडताच परत फरशीवर गेला. तिने खांद्याला धरून बघितलं, कमरेला धरून बघितलं, चार वेळा, पाच वेळा. मग ती थांबली आणि तिने तेच केलं जे तिला येत होतं. बोट आणि दांडा यांच्यामधलं अंतर मोजलं.

चोवीस मिलिमीटर. एक पेर.

आणि तिला तो दिवस आठवला. बोट शाबूत कसं म्हणून बाबा हसले तो. तिने पेर कापलं, गुडघा आखडला, फाइल ठेवली. पण बाथरूम तेव्हा दुसऱ्या खिडकीत आधीपासून उघडं होतं, पहिल्या पुतळ्यासकट. सॉफ्टवेअरने खोडीप्रमाणे हाताशी होता तोच माणूस घेतला होता, मुकाट्याने. हात पोचतो, म्हणून तिने जी खूण केली ती शाबूत बोटाच्या, गुडघा वाकणाऱ्या माणसासाठी केली होती. दांडा त्याच खुणेवर ठोकला गेला. साऱ्या ऑफिसच्या फाइलींमध्ये बदललेली माणसं शोधणाऱ्या बाईने आपल्या बापाची फाइल तपासली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ते घर दोन महिने त्या दुसऱ्याच्याच मापाचं होतं.

६

साडेपाचला लोक मशीन बंद करून निघू लागले. साहेब दारातून म्हणाले, “निस्तरबाई, तुमचंही बंद करा हं. मेन काढणार आहेत.” ती हो म्हणाली.

सगळं शहाणपण गोळा करून तिने स्वतःला एकदा विचारलं, की एका फाइलीने असं काही होतं का? उत्तर आलं, नाही. मग मशीन बंद कर, असं तिने स्वतःला सांगितलं. हात पुढे गेला आणि हवेतच राहिला. शहाणपण खोटं ठरलं तर घरी परत गेल्यावर दार कोण उघडणार, हे तिला माहीत होतं. कुणीच नाही. आणि बाथरूमचं दार तिला स्वतःला उघडावं लागणार होतं.

वेगळं नाव देऊन दोन्ही ठेवता येतील, हा विचारही तिने केला. तिचा धंदाच तो होता. पण त्याने मूळचा माणूस फरशीवरून उठला नसता, नुसता फरशीवर कायमचा राहिला असता. एका घरात, एका जागी, एकच माणूस बसतो.

तिने उघड्या ‘माणूस’ फाइलवर ‘ठेव’चं बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं. या जागी याच नावाची फाइल आहे. ती पुसून ही ठेवायची?

इथे तिला फार वेळ लागला. डोळ्यांसमोर बेसिन नव्हतं, फरशी नव्हती. गादी फार मऊ आहे म्हणणारा एक खाष्ट म्हातारा होता. टक, सर्र, टक, सर्र करत नऊ रिंगा चालत येणारा, फक्त तिच्या फोनसाठी. बुधवारी तो वीस रिंगा तिथे पडून ऐकत होता. मग आणखी वीस.

“बाबा, चुकले मी,” ती पडद्याला म्हणाली. “तुमचं एक पेर मोजायचं राहिलं.”

मग तिने हो म्हटलं.

काही झालं नाही. फाइल ठेवली गेली, तारीख बदलली. तिने मशीन बंद केलं, पडदा काळा झाला, आणि ती अंधारल्या पडद्यासमोर फोन कानाला लावून बसली.

पहिल्या रिंगेला उचलला गेला.

“निघालीस का?” बाबांनी विचारलं. “दूध आणलंय मी. येताना आणू नकोस.”

ती रडली, आणि रडता रडता तिने सगळ्यांचे आभार मानले. देवाचे मानले, त्या सॉफ्टवेअरच्या खोडीचे मानले, पंधरा वर्षं एकच नाव न बदलणाऱ्या साहेबांच्या आळसाचे तर हात जोडून मानले. नावं नीट वेगवेगळी असती तर हाताशी कुणीच उघडं नसतं. कुणीतरी आहे. पोरकं घर उघडण्यापेक्षा कुणीतरी असणं किती मोठं आहे, हे ज्याचं त्यालाच कळतं.

घरी आली तेव्हा दारात बाबांच्या चपलांचा जोड होता. दोन्ही होत्या. डावीची कड झिजलेली नव्हती.

७

सोमवारी अकराला पहिल्याच रिंगेला बाबा “बोल गं” म्हणाले, आणि तिला एकदम राहवलं नाही.

“बाबा, तुम्ही… पूर्वी वेळ लावायचात फोनला. नऊ रिंगा.”

तिने पडद्याकडे पाठ केली.

“मला सवय झाली होती त्याची,” ती म्हणाली.

“बरं,” बाबा म्हणाले. एवढंच.

मंगळवारी अकराला तिने फोन लावला. एक रिंग झाली. दोन झाल्या. काठीची टक नसणार, चपलेची सर्र नसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो माणूस आत्ता फोनच्या अगदी शेजारी उभा आहे, हात रिसिव्हरवर ठेवून, आणि मोजतो आहे. सहा. सात. भीती कुठली आणि माया कुठली, हे तिला वेगळं करता येईना. आठ.

नवव्या रिंगेला फोन उचलला गेला.

“तुझा फोन म्हणजे माझी परेड,” बाबा म्हणाले.

शब्द तेच होते, खेकसणंही तेच. फक्त शेवटी आवाज किंचित वर गेला, नव्या नोकराने पहिलं काम करून मालकाकडे बघावं तसा. बरोबर जमलं ना?

“थँक्यू, बाबा,” ती म्हणाली.

बाबा खेकसले असते. ती खेकसण्याची वाट बघत राहिली. पलीकडे रिसिव्हरवर एक बोट हलकेच वाजत होतं. टक. टक.

“आभार मीच मानायचे,” तो आवाज फार हळू म्हणाला. “राहू दिलंस मला.”

ऑफिसात कुणीतरी हाक मारली, “निस्तरबाई, माणसं बदलली!” तिने हात वर करून थांबायला सांगितलं. मग डोळे मिटले आणि फोन कानाशी घट्ट धरला.

“घरच्या घरात कसले आभार, बाबा,” ती म्हणाली.